शाळेबाहेरचा तास (भाग ७) : झाडू नको, मोजपट्टी द्या

दप्तराविना दहा दिवस करायचं काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवावं आणि गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून काम शिकावं असं सुचवलं. कल्पना चांगली आहे. पण शाळेपर्यंत पोचेस्तोवर तिची एक प्रभातफेरी, एक झाडलोट, एक वृक्षारोपण आणि चार फोटो एवढीच शिल्लक राहते. वृक्षारोपणाचा खड्डासुद्धा पुष्कळदा गेल्या वर्षीचाच असतो.

मुलांनी झाडू हातात घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. आपला वर्ग आपण झाडावा, त्यात कमीपणा कसला? पण २ ऑक्टोबरला ग्रामपंचायतीसमोरचं पटांगण झाडून मुलांना नवीन काय कळलं आणि गावाला नवीन काय मिळालं, हे विचारायला हवं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या श्रमावाचून गावाचं काही अडत नाही. अडतं ते मोजमापावाचून. विहिरीत किती पाणी आहे, परवा आपल्या शिवारात नक्की किती पाऊस झाला, किती घरांतल्या रांजणात डासांच्या अळ्या आहेत, हे गावात कोणालाच धड ठाऊक नसतं. आणि हे काढायला लागणारं गणित-विज्ञान सहावी ते आठवीच्याच पुस्तकांत आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी तिथे नई तालीम मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रमासाठी समिती नेमली गेली. हाताच्या कामातून गणित, भूगोल, समाजशास्त्र शिकायचं, हा नई तालमीचा गाभा. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ आणला आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव सुचवलं. नावं बदलत गेली, तास तोच राहिला, आणि त्या तासाला कागदी फुलं, खडू आणि आदल्या रात्री आईने पूर्ण करून दिलेली फाइल. श्रेणी मात्र सगळ्यांना ‘अ’.

अपवादही झाले. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयात आठवी ते दहावीची मुलं शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या चार अंगांची कामं शिकतात आणि माती तपासण्यासारखी, गावाला खरोखर लागणारी सेवा देतात. काम खरं असेल तरच शिक्षण खरं, हा कलबागांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. मुलाने केलेल्या माती परीक्षणावर शेतकरी खताचा हिशेब करणार असेल, तर मुलगा आकडा दोनदा तपासतो. तसं त्याला सांगावं लागत नाही.

सगळ्या शाळांना वर्कशॉप उभारणं जमणार नाही. पण दोरी, वजन आणि वही कोणालाही परवडेल. म्हणून आज एकच उपक्रम नीट पाहू : गावच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी मोजणं.

समजा, सातवीचा वर्ग आहे. पहिला तास वर्गातच. प्रत्येकाने विहिरीत किती पाणी असेल याचा अंदाज वहीत लिहायचा आणि घरी जाऊन मोठ्या माणसांना विचारून यायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात गंमत होते. कोणाचे आजोबा सांगतात, ‘‘दोन परस पाणी असंल.’’ एक परस म्हणजे किती, असं विचारलं तर एक जण पुरुषभर उंची सांगतो, दुसरा हात वर करून दाखवतो, आणि दोन आजोबांची उंचीही सारखी नसते. मीटर कशाला शोधला, हा धडा इथे आपोआप होऊन जातो. बाईंनी फक्त मधे बोलू नये.

मग दोरी तयार करायची. ती नायलॉनची असावी. सुती दोरी भिजली की आखडते आणि सगळं मोजमाप बिघडतं. (एखाद्या वर्गाने मुद्दाम सुती दोरी भिजवून ती किती आखडली हे मोजावं, अर्धा तास सुंदर जातो.) दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण, दर मीटरला वेगळ्या रंगाची. गाठी मारू नयेत, गाठीत दोरी खर्ची पडते. टोकाला गवंड्याचा ओळंबा किंवा जड नट बांधायचा. दोन गटांनी तीच दोरी मोजपट्टीने पुन्हा मोजून बघायची. दोघांत दोन सेंटिमीटरचा फरक आला तर भांडण होऊ द्यावं. त्या भांडणातून सरासरी समजते, तेवढी फळ्यावरून समजत नाही.

विहिरीवर एक नियम न मोडता पाळायचा : पक्का कठडा नसेल त्या विहिरीजवळ मुलांना न्यायचंच नाही. कठडा असला तरी दोरी सोडायची ती सरांनी किंवा गावात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने. मुलं मागे उभी राहून खुणा वाचतात आणि लिहितात.

वजन तळाला टेकलं की हाताला दोरी सैल लागते. तिथे कठड्याच्या कडेशी दोरी चिमटीत धरायची आणि वर ओढायची. वर आलेली दोरी जमिनीवर सरळ पसरली की मुलांना दिसतं : काही भाग कोरडा, काही ओला. कोरडा भाग म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, ओला भाग म्हणजे पाण्याची खोली. दोरी एकदाच सोडायची, मापं दोन मिळतात. कोरडा ७ मीटर २० सेंटिमीटर, ओला ४ मीटर, असं काहीतरी. ज्या जागेवरून दोरी सोडली तिथे कठड्यावर ऑइलपेंटची खूण करायची, कारण पुढच्या महिन्यात तिथूनच मोजलं नाही तर तुलना होणार नाही.

आणि वेळ? मोटर चालू असताना मोजलं तर पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून मोटर बराच वेळ बंद राहिल्यावर, शक्यतो पहाटेनंतर लगेच. पण शेतीची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची. शेजारच्या शेतातली मोटर पहाटेपर्यंत चालू होती का, हे सरांपेक्षा मागच्या बाकावरच्या त्या पोराला जास्त माहीत असतं, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी त्यालाच वेळापत्रक करायला सांगावं.

आता व्यास. विहिरीच्या तोंडावर आडवी मोजपट्टी धरायला जाणं धोक्याचं, म्हणून कठड्याभोवती बाहेरून दोरी फिरवायची. परीघ आला २२ मीटर. तो २२/७ ने भागला की बाहेरचा व्यास ७ मीटर. कठड्याची जाडी अर्धा मीटर, ती दोन्ही बाजूंची वजा केली की आतला व्यास ६ मीटर, त्रिज्या ३. सातवीचं गणित इथे संपतं. वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि वृत्तचितीचं घनफळ आठवीत आहे, तेव्हा पुढचं काम आठवीच्या ताईदादांना द्यावं. तळाचं क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर. म्हणजे एक मीटर पाण्यात २८ हजारांहून जास्त लिटर, आणि चार मीटरला १ लाख १३ हजार लिटर.

आकडा ऐकून वर्ग खूश होतो. मग पुढचा प्रश्न टाकावा. जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. गावची वस्ती ५०० असेल, तर रोज साडेसत्तावीस हजार लिटर लागतात. भागाकार करा : जेमतेम चार दिवस! पोरं एकदम गप्प होतात, कारण विहीर तर गेली अनेक वर्षं चालू आहे. मग गणित चुकलं का? गणित बरोबरच आहे. विहीर म्हणजे टाकी नव्हे, तिला झरे आहेत. संध्याकाळी मोटर बंद झाल्यावर आणि सकाळी ती सुरू व्हायच्या आधी, असं दोनदा मोजलं तर रात्रीतून पाणी किती वर आलं ते कळतं. ऑक्टोबरात ते किती येतं आणि मार्चमध्ये किती, यात गावाच्या उन्हाळ्याची गोष्ट दडलेली आहे. मला विचाराल तर सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा क्षण हाच, उत्तर बरोबर येऊनही पटत नाही तो.

पावसाचंही असंच. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शाळेचं छत २०० चौरस मीटर आणि पाऊस २० मिलिमीटर, तर ४ हजार लिटर पन्हाळीतून वाहून गेले. सरकारी पाऊस महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजला जातो, आणि मंडळात पडला पण आपल्या शिवारात नाही, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. शाळेच्या पर्जन्यमापकाला सरकारदरबारी किंमत नसेल, पण गावाला स्वतःची नोंद तरी राहते.

मोजलं, वहीत लिहिलं आणि कपाटात ठेवलं, तर तो पुन्हा कार्यानुभवच झाला. सहावीच्या नागरिकशास्त्रात मुलं ग्रामसभा शिकतात. मग आपला आकडा तिथे न्यावा. मुलं मतदार नाहीत, त्यामुळे ती ग्रामसभेची सभासद नसतात, पण सरपंचांच्या परवानगीने दोघींनी उभं राहून पाच वाक्यं वाचायला काय हरकत आहे? बरोबरीने पाराजवळ एक काळा फळा : या महिन्यात पाणी इतकं खाली, गेल्या महिन्यात इतकं. हिवरेबाजारने पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावरून पिकं ठरवण्याची पद्धत पाडली, ती सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ते गावच्या मोठ्यांचं काम. पण ताळेबंदाची जमेची बाजू भरायला शाळा हातभार लावू शकते.

इथे एक कुरूप गोष्ट सांगितली पाहिजे. आकडा निरुपद्रवी नसतो. फेब्रुवारीत सार्वजनिक विहीर भराभर उतरू लागली, की शेजारच्या नव्या बोअरकडे बोट जातं, आणि त्या बोअरवाल्याचा मुलगा याच वर्गात असतो. म्हणून फक्त सार्वजनिक विहिरी मोजाव्यात, फळ्यावर कोणाचं नाव, कोणाचा तर्क लिहू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. मुलांनीही तेवढाच कोरडेपणा ठेवावा : तारीख, वेळ, माप. कारणांवर वाद घालायचा तो मोठ्यांनी.

शिक्षक हे वाचून कपाळाला हात लावतील, ते मला कळतं. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, आहाराच्या नोंदी, आणि वर हे! म्हणून विहीर एकच घ्यावी, दिवस महिन्यातला एकच, शनिवारच्या सकाळच्या शाळेचा. पालकांचं संमतिपत्र, मुख्याध्यापकांची सही, सोबत दोन मोठी माणसं. चाचणीच्या वेळी वेगळा प्रकल्प मागू नये, याच वहीतलं एक पान लिहून आणायला सांगावं : काय मोजलं, कुठे शंका वाटली. माझ्या मते श्रेणी या शंकेला द्यावी.

वहीला पाच रकाने पुरे : तारीख, वेळ, मोटर बंद होऊन किती तास झाले, कोरडी दोरी, ओली दोरी. एका वर्षाच्या आकड्यांवरून गावाला फारसं काही सांगता येत नाही, तीन-चार वर्षांचे झाले की सांगता येतं. पण गावात शाळा बहुधा सातवी-आठवीपर्यंतच, पोरं जूनमध्ये दुसऱ्या गावी जातात आणि वही हरवते. तेव्हा मार्चची नोंद सहावी-सातवी दोन्ही वर्गांनी मिळून घ्यावी, जाणाऱ्यांनी सहावीच्या पोरांना दोरी कशी वाचायची ते शिकवावं आणि वहीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी.

पुढच्या आठवड्यात शहराकडे वळू. तिथे विहीर नाही, पण गच्चीवरच्या टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे आहे. त्यांत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या किती घरांत सापडतात, याची टक्केवारी सातवीचा वर्ग कशी काढू शकतो ते पाहू.