बाजारांत न आलेल्या प्रोसेसरांची तुलना

टेबलावर ठेवावयाच्या संगणकाचा मेंदू म्हणून ज्याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत केलेला असतो, तो प्रोसेसर बहुधा दोनच कंपन्यांपैकीं एकीचा असतो. एक इंटेल व दुसरी एएमडी. दोहींचा जन्म अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, एकाच कुळांत झाला. फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कारखान्यांतून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनीं १९६८ सालीं इंटेलची स्थापना केली; त्याच कारखान्यांतून निघालेले जेरी सँडर्स व त्यांचे सोबती यांनीं पुढच्याच वर्षीं एएमडी काढली. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपल्या 'पर्सनल कॉम्प्युटर'करितां इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर पसंत केला; परंतु एकाच पुरवठादारावर विसंबून राहणें तिला मान्य नव्हतें. म्हणून १९८२ सालीं आपल्या रचनेचा माल तयार करण्याची मुभा इंटेलनें एएमडीला दिली. या करारावरून पुढें जे कज्जे झाले, त्या भाऊबंदकीचा इतिहास येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत मधल्या सुट्टींत जो वाद रंगतो, तो बाजारांत असलेल्या प्रोसेसरांविषयीं क्वचितच असतो. तो येऊं घातलेल्या प्रोसेसरांविषयीं असतो. इंटेलनें 'नोव्हा लेक' व एएमडीनें 'झेन ६' हीं नांवें जाहीर केलीं, तेव्हां त्यांपैकीं एकही चिप कोणाच्या हातीं आली नव्हती. तरी तुलनेचे तक्ते फिरूं लागले होते. हा केवळ गमतीचा वाद असता तर त्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या पालकांस असा खर्च पांच-सात वर्षांतून एकदांच झेपतो, त्यांचीं हींच मुलें सल्लागार असतात. आणि 'थांबा, पुढचा येतो आहे' असें घरीं सांगणें ही लहानशी जबाबदारी नव्हे. जुन्या करारांत, पिशवींत दोन प्रकारचीं वजनें बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचा निषेध केलेला आहे. त्या गिऱ्हाइकाला निदान तागडी तरी समोर दिसत असे. न आलेल्या प्रोसेसराच्या बाबतींत मालही विकणाऱ्यापाशीं व तागडीही विकणाऱ्यापाशींच असते.

प्रोसेसराच्या आंत एक घड्याळ असतें व त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर काम एक पाऊल पुढें सरकतें. सेकंदास शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. मार्च २००० मध्यें ही एक गिगाहर्ट्झची वेस एएमडीनें इंटेलच्या अवघे दोन दिवस आधीं ओलांडली, व त्याचा केवढा गाजावाजा झाला! ज्याचे ठोके अधिक तोच वेगवान, हा समज मोठा सोपा आहे. दुर्दैवानें तो खरा नाहीं. एका ठोक्यांत काम किती उरकतें हा दुसरा अंक आहे, आणि खरा वेग म्हणजे या दोहोंचा गुणाकार. पहिला अंक खोक्यावर छापतां येतो. दुसरा छापतां येत नाहीं, कारण तो कामागणिक बदलतो.

या दोन अंकांची ओढाताण समजून घ्यावयाची तर बांधकामावरील मजुरांची रांग डोळ्यांपुढें आणावी. गवंड्यापर्यंत कालवलेला माल पोंचविण्यासाठीं माणसें ओळीनें उभीं राहतात व घमेलीं हातोहात पुढें जातात. दहा माणसांच्या जागीं वीस उभीं केलीं, तर प्रत्येकाला निम्मेंच अंतर राखावें लागतें व मुकादमाला टाळी दुप्पट जलद वाजवितां येते. परंतु वर बसलेल्या गवंड्यानें मध्येंच 'माल नको, विटा पाठवा' असें ओरडून सांगितलें, तर रांगेंतील सगळीं घमेलीं माघारीं न्यावीं लागतात. आणि रांग जितकी लांब, तितका खोळंबा अधिक. प्रोसेसराचेंही असेंच आहे. पुढें कोणती आज्ञा येईल याचा अंदाज बांधून तो रांग भरीत असतो. अंदाज चुकला कीं भरलेली रांग टाकून पुन्हां पहिल्यापासून आरंभ. नोव्हेंबर २००० मध्यें आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ ची रांग २० टप्प्यांची होती. फेब्रुवारी २००४ मधील त्याच्या 'प्रेस्कॉट' या आवृत्तींत ती ३१ टप्प्यांपर्यंत वाढली. २००३ सालच्या एएमडीच्या ॲथलॉन ६४ मध्यें टप्पे बाराच होते. त्यामुळें ठोके कमी असूनही तो पुष्कळ कामांत पेंटियमला हार जात नसे.

हें गिऱ्हाइकाला कसें पटवावें? एएमडीनें ऑक्टोबर २००१ पासून खोक्यावर गिगाहर्ट्झ ठळकपणें छापण्याचें सोडून दिलें व १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसराला 'ॲथलॉन एक्सपी १८००+' असें नांव दिलें. ही युक्ति माझ्या मतें निम्मी प्रामाणिक होती. हा आंकडा आपल्याच जुन्या ॲथलॉनच्या तुलनेनें आहे, असें कंपनी सांगे. गिऱ्हाईक तो पेंटियमच्या तुलनेनें समजे, आणि या गैरसमजाचें कंपनीस दुःख होण्याचें कांहींच कारण नव्हतें.

इकडे इंटेलनें चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ येणार असें जाहीर करून ठेविलें होतें. परंतु ठोके वाढले तशी उष्णताही वाढली, आणि ऑक्टोबर २००४ मध्यें तो बेत रद्द करावा लागला. तेव्हांचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनीं एका मोठ्या परिषदेंत, भर व्यासपीठावर, थट्टेनें गुडघे टेकून श्रोत्यांची क्षमा मागितली! प्रसंग विनोदाचा खरा. पण त्या चार गिगाहर्ट्झसाठीं ज्यांनीं आपली खरेदी थांबवून ठेविली असेल, त्यांस तो प्रोसेसर कधींच मिळाला नाहीं.

यावरून कंपन्यांनीं आधीं केलेलीं सर्वच विधानें पोकळ असतात असें कोणी समजूं नये. मार्च २००६ मध्यें इंटेलनें आपल्या परिषदेंत 'कॉन्रो' या टोपणनांवाचा, विक्रीस अद्याप न आलेला २.६६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, एएमडीच्या मुद्दाम २.८ गिगाहर्ट्झपर्यंत पळविलेल्या ॲथलॉन एफएक्स-६० च्या शेजारीं मांडला व वृत्तपत्रकारांना दोन्ही यंत्रें चालवून पाहूं दिलीं. इंटेलचें यंत्र स्पष्टपणें पुढें गेलें. दोन्ही यंत्रें इंटेलनेंच जुळविलेलीं होतीं. तेव्हां यांत कांहीं तरी हातचलाखी असावी, अशी शंका पुष्कळांनीं घेतली, आणि ती घेणें रास्तच होतें. परंतु जुलै महिन्यांत तोच प्रोसेसर 'कोअर २ ड्युओ' या नांवानें विक्रीस आला, त्रयस्थ परीक्षकांनीं तो आपापल्या मेजावर तपासला, आणि निकाल बहुतांशीं तोच निघाला. इंटेलनें लांब रांगेचा हट्ट सोडून १४ टप्प्यांवर समाधान मानलें होतें.

पुढच्या वर्षीं नेमकें उलट घडलें. आपला चार गाभ्यांचा 'बार्सिलोना' हा मोठ्या संगणकांसाठींचा प्रोसेसर इंटेलच्या मालापेक्षां ४० टक्के सरस ठरेल, असें एएमडीकडून जानेवारी २००७ मध्यें सांगण्यांत आलें. तो सप्टेंबरांत आला तो मंद ठोक्यांचा. नोव्हेंबरांत त्याचें घरगुती भावंड 'फेनॉम' आलें, तेंही २.३ गिगाहर्ट्झच्या वर नव्हतें. शिवाय त्याच्या रचनेंत एक दोष निघाला, व त्यावरील तात्पुरत्या उपायानें वेग आणखी घटला. २०११ सालची गोष्ट तर याहून बोधक आहे. 'बुलडोझर' विक्रीस येण्यापूर्वीं एएमडीनें द्रवरूप हेलियमनें थंड करून तो ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेला व जागतिक विक्रम नोंदविला. द्रवरूप हेलियम कोणाच्या घरीं असतो? ऑक्टोबरांत तो आठ गाभ्यांचा म्हणून विकला जाऊं लागला. परंतु त्यांतील दोन-दोन गाभ्यांच्या जोडीला अपूर्णांकांचें गणित करणारें अंग सामाइक होतें, आणि इंटेलच्या चार गाभ्यांच्या प्रोसेसरापुढें तो अनेक कामांत मागें पडला. 'आठ' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला व २०१९ सालीं एएमडीनें १ कोटी २१ लक्ष डॉलर देऊन तो मिटविला.

या धड्यानंतर एएमडीची भाषा सावध झाली. २०१४ सालीं लिसा सू या मुख्याधिकारी झाल्या होत्या. 'झेन' ही नवी रचना एका ठोक्यांत पूर्वीच्यापेक्षां ४० टक्के अधिक काम उरकील, हें उद्दिष्ट आधीं जाहीर झालें होतें. प्रत्यक्ष माल आला तेव्हां कंपनीनें तो आंकडा ५२ सांगितला. ऑगस्ट २०१६ मधील तिच्या प्रात्यक्षिकांत इंटेलचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर व आपला आठ गाभ्यांचा प्रोसेसर, दोन्ही ३ गिगाहर्ट्झवर बांधून शर्यत लाविली होती, आणि एएमडी किंचित् पुढें गेली. एका ठोक्यांतील काम मोजावयास ही रीत योग्यच आहे. मात्र इंटेलचा तो प्रोसेसर गिऱ्हाइकाच्या घरीं ३ गिगाहर्ट्झवर अडकलेला नसतो, त्याहून वेगानें धांवतो, हें प्रेक्षकानें आपलें आपण ध्यानांत ठेवावयाचें. डिसेंबरांत मात्र प्रतिपक्षाचे पाय न बांधतां हीच तुलना पुन्हां दाखविण्यांत आली. २ मार्च २०१७ रोजीं 'रायझन ७ १८००एक्स' ४९९ डॉलरांस विक्रीस आला, तेव्हां इंटेलच्या त्या प्रोसेसराची किंमत हजार डॉलरांहून अधिक होती. चित्रें रंगविणें, चलच्चित्रें दाबून लहान करणें अशा, सर्व गाभ्यांना राबविणाऱ्या कामांत तो खरोखरच त्याच्या तोडीचा ठरला. खेळांत मात्र इंटेलचा चारच गाभ्यांचा, पण जलद ठोक्यांचा स्वस्त प्रोसेसर त्याच्या पुढें राहिला. दोन्ही निकाल खरे होते. 'श्रेष्ठ कोणता?' या प्रश्नाला 'कशासाठीं?' हा प्रतिप्रश्न केल्यावांचून उत्तरच नसतें.

खेळांचा येथें उल्लेख आला, तेव्हां एक मौज सांगितली पाहिजे. स्वयंपाक करणारी बाई कितीही चपळ असली, तरी प्रत्येक चिमूटभर मिठासाठीं तिला माडीवरच्या कोठीपर्यंत जावें लागलें तर तिची चपळाई जिन्यावरच खर्च होते. प्रोसेसराच्या जवळच असलेली 'कॅश' ही स्मृति म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. एप्रिल २०२२ मध्यें एएमडीनें 'रायझन ७ ५८००एक्स३डी' यांत हा डबा ३२ ऐवजीं ९६ मेगाबाइटांचा केला. जादा स्मृति चिपेच्या वरच, दुसऱ्या मजल्यासारखी, चढविली. ठोके मूळच्या ५८००एक्सपेक्षां कमी ठेवावे लागले, तरी खेळांत तो त्याच्याहून वेगवान निघाला. पण ज्या कामाला मोठा डबा नको, तेथें किंचित् मागें राहिला.

२०२४ साल दोन्ही पक्षांना कठीण गेलें. जूनमध्यें एएमडीनें 'रायझन ९०००' ही मालिका जाहीर करून, एका ठोक्यांतील काम सरासरी १६ टक्क्यांनीं वाढल्याचें सांगितलें. ऑगस्टमध्यें माल परीक्षकांच्या हातीं गेला आणि खेळांत त्यांना जेमतेमच वाढ आढळली. मग आंकड्यांत अंतर कां पडलें? एएमडीनें जें स्पष्टीकरण दिलें त्यांत असें निघालें कीं, तिच्या चांचण्या विंडोजच्या व्यवस्थापक खात्यावरून चालविलेल्या होत्या, व त्या खात्यांत पुढील आज्ञेचा अंदाज बांधण्याची सुधारित सोय कार्यान्वित होती; सर्वसाधारण वापरणाऱ्याच्या खात्यांत ती नव्हती. कंपनी खोटें बोलली असें येथें म्हणतां येत नाहीं. तिनें जें मोजलें तें तिच्या यंत्रावर खरेंच होतें. पुढें विंडोजमध्यें सुधारणा होऊन ती सोय सर्वांना मिळाली. त्याच ऑक्टोबरांत इंटेलचा 'कोअर अल्ट्रा ९ २८५के' आला; वीज कमी खाऊन आपल्याच मागील पिढीइतका खेळ तो चालवील, असें इंटेलचें म्हणणें होतें. वीज कमी लागली. खेळांत मात्र त्रयस्थांना तो बऱ्याच ठिकाणीं मागील पिढीहूनही मागें आढळला, आणि विक्रीचा आरंभ अपेक्षेप्रमाणें झाला नाहीं, असें इंटेलच्या अधिकाऱ्यांनींच कबूल केलें.

या सर्व चांचण्यांत एक गोष्ट मोजलीच जात नाहीं, ती म्हणजे टिकाऊपणा. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील प्रोसेसर २०२२ व २०२३ सालीं परीक्षकांच्या तक्त्यांत अग्रभागीं झळकले होते. कांहीं काळानें त्यांपैकीं अनेक यंत्रें मध्येंच बंद पडूं लागलीं. प्रोसेसर वाजवीपेक्षां अधिक विद्युद्दाब मागत होता, असें इंटेलनें जुलै २०२४ मध्यें सांगितलें, ऑगस्टमध्यें सुधारणा पुरविली व हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. ही सुधारणा पुढील हानि थांबवूं शकते. झालेली हानि भरून काढूं शकत नाहीं. विक्रीच्या पहिल्या दिवशीं लिहिलेल्या कोणत्याही परीक्षणांत हा दोष दिसणें शक्य नव्हतें. म्हणून नवा माल आल्यावर सहा महिने थांबणाऱ्याला मी आळशी म्हणत नाहीं.

आणि प्रोसेसर ज्यांत बसवावयाचा त्या मदरबोर्डाकडे तर वाद घालणारांपैकीं कोणी पाहतच नाहीं. जानेवारी २०१७ मध्यें इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर घेणाऱ्याला त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर आपल्या बोर्डावर बसवितां आला नाहीं. खोबण दिसावयास तीच, पण बोर्ड नवा घ्यावा लागे. त्याच वर्षीं एएमडीचा बोर्ड घेतलेल्यांपैकीं पुष्कळांनीं २०२२ सालीं बोर्डावरील मूळ आज्ञावली तेवढी बदलून त्यावर तो ९६ मेगाबाइटांचा प्रोसेसर बसविला, आणि त्यांचा खर्च फक्त प्रोसेसराच्या किंमतीइतकाच झाला.