विश्लेषण : कान ठणठणीत, तरी 'धार'चे 'दार' का होते?

शिक्षकांनी 'धार' सांगितले, वहीत 'दार' उतरले. 'थाट'च्या जागी 'ताट'. कानाची तपासणी मात्र नॉर्मल. मग मुलावर 'लक्ष देत नाही' असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात अशा अनेक मुलांची अडचण ऐकण्यात नसून, ऐकलेले ध्वनी वेगवेगळे ओळखण्यात असते.

मेंदू ध्वनी कसे ओळखतो?

'ब' म्हणताना ओठ उघडण्याआधीच स्वरतंतू कंप पावू लागतात. 'प' म्हणताना ओठ उघडल्यावर. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा. प्रत्येकाचा 'प' थोडा निराळा असला तरी मेंदू ते सगळे एकाच कप्प्यात टाकतो. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत अल्विन लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ही कप्पेबंद जाणीव प्रयोगातून दाखवली. मातृभाषेचे कप्पे लहानपणीच पक्के होत जातात.

डिस्लेक्सियात काय होते?

काही मुलांत कप्प्यांमधील सीमा पुसट राहते. फ्रेंच भाषक मुलांवरील २००४ च्या अभ्यासात तर वेगळीच बाब दिसली : डिस्लेक्सिया असलेली मुले एकाच कप्प्यातील, इतरांचा मेंदू सोडून देतो असे बारीक फरक अधिक टिपत होती. म्हणजे ती कमी ऐकत नाहीत. नको तेही ऐकतात. अर्थात, हे प्रत्येक मुलात आढळत नाही. मूळ कारणाबाबतही मतभेद आहेत. पॉला टल्लाल यांनी वेगाने बदलणाऱ्या ध्वनींवर, तर उषा गोस्वामी यांनी बोलण्याच्या लयीवर भर दिला.

वाचनाशी संबंध काय?

अक्षर म्हणजे ध्वनीची खूण. ध्वनीच डळमळीत असेल तर खूण पक्की बसत नाही. मराठीत क-ख, त-थ, द-ध या जोड्यांत केवळ हवेच्या झोताने अर्थ बदलतो. इंग्रजीत तसे होत नाही. त्यामुळे परदेशी चाचण्या जशाच्या तशा मराठी मुलांना लावणे पुरेसे नाही.

पालकांनी काय करावे?

आधी श्रवण तपासणी करावी. ती नॉर्मल आली म्हणून विषय संपवू नये. वाचा-भाषा तज्ज्ञांना दाखवावे. शब्दातील पहिला ध्वनी ओळखणे, तो बदलून नवा शब्द करणे असे खेळ अक्षरांसोबत घ्यावेत. गोंगाटात ध्वनी ओळखणे आणखी अवघड होते, म्हणून वर्गात पुढचा बाक मागावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे शाळेकडे मदत मागणे म्हणजे सवलतीची याचना नव्हे.