शिवथरचा दादा चिनाबच्या पुलावर

शिवथर म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला समर्थांची घळ आठवते, तिच्या तोंडावर कोसळणारा धबधबा आठवतो, आणि एखाद्या रसिकाला वरंध घाटातली गरम भजीही आठवतात. आम्हां शिवथरकरांना मात्र आधी आठवते ती चढण. कोठेही जायचे म्हटले की एक तर चढायचे नाही तर उतरायचे. सपाटीवर चालणे आमच्या नशिबी फारसे नाही.

अशा गावच्या माणसाने रेल्वेविषयी लिहावे हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. आमच्या गावातून रूळ जात नाहीत. जवळची स्थानके म्हणजे वीर आणि करंजाडी, आणि तेथे पोचायलाही आधी डोंगरातून खाली उतरावे लागते. पण त्या रुळांसाठी, आणि पुढे थेट हिमालयात पडलेल्या रुळांसाठीही, माझ्या थोरल्या भावाने घाम गाळला आहे. आणि खरे सांगायचे तर त्या घामाविषयी माझ्या मनात बारा वर्षे राग होता.

कोकणातल्या माणसाने रेल्वेची वाट पाहिली ती पिढ्यान्‌पिढ्या. अ. ब. वालावलकरांनी तिच्या ध्यासापायी उभे आयुष्य वेचले. नाथ पै, मधु दंडवते संसदेत तिच्यासाठी भांडले. रूळ आले ते मुंगीच्या पावलांनी. 1986 साली ते रोह्यापर्यंत येऊन थांबले. आमचे बाबा म्हणत, "रेल्वे येणार, रेल्वे येणार म्हणता म्हणता माझा बाप गेला. मीही तसाच जाणार!" त्यांचे भाकीत निम्मेच खरे ठरले. त्यांनी वीरला जाऊन गाडी पाहिली, डब्याला हात लावून पाहिला. तीत बसणे मात्र राहून गेले.

1990 साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळून आला. कोकण रेल्वेसाठी वेगळी कंपनी निघाली, ई. श्रीधरन तिचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी 15 सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. मग काय, मोटारसायकलीवरून हिंडणारे तरुण इंजिनियर आमच्या तालुक्यात दिसू लागले. कोणाच्या परसात खुंटी ठोकलेली, कोणाच्या आंब्यावर चुन्याची खूण! चाळीस हजारांवर लोकांच्या जमिनी या मार्गात गेल्या.

डोंगरात रेल्वे न्यायची म्हणजे दोनच वाटा. एक तर डोंगरावर चढायचे, नाही तर पोटातून जायचे. बोरघाटात इंग्रजांनी पहिली वाट धरली. 1856 ते 1863 अशी सात वर्षे ते काम चालले. सदतीस फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर चढते, असा तेथला कडक चढ. पटकीने आणि तापाने माणसे पाचोळ्यासारखी गेली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, तो ठेका पुढे चालवला. शाळेत मी हा धडा शिकवीत असे तेव्हा मुली हटकून मान वर करून ऐकत.

कोकण रेल्वेने दुसरी वाट धरली. तिला ताशी 160 किलोमीटर वेगाला पुरेल असा मार्ग हवा होता, म्हणून दीडशे फुटांत एक फूट याहून जास्त चढ घ्यायचा नाही असे ठरले. आता कोकणचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे धावतात आणि दर दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एक सोंड उतरलेली असते. रेल्वेला जायचे उत्तर-दक्षिण, म्हणजे या सगळ्यांना आडवे! म्हणून सोंड आली की बोगदा आणि नदी आली की पूल. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरांत 91 बोगदे झाले. सर्वांत लांब रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरांचा. आणि करंजाडी ते दिवाणखवटीच्या दरम्यान नातूवाडीचा, चार किलोमीटरांहून मोठा. त्याच भागात 1991 च्या सुमारास माझा दादा एका ठेकेदाराकडे कामाला लागला. वय सव्वीस, शिक्षण सातवी, आणि अंगात घाटावरच्या बैलासारखी ताकद.

मी तेव्हा महाडला शाळेत नुकता नोकरीस लागलो होतो. एका रविवारी त्याला भाकऱ्या पोचवायला गेलो असताना त्याने मला आत नेले. समोर काळ्या कातळाची उभी भिंत. तिला ते लोक 'फेस' म्हणतात. तिच्यात ड्रिलने भोके पाडायची, त्यांत सुरुंग भरायचा, सगळ्यांनी बाहेर पळायचे. धडाका झाला की पंख्यांनी धूर बाहेर काढायचा, लांब पहारीने छताचे सैल दगड पाडायचे, मग डंपर भरभरून मलबा उपसायचा, की पुन्हा ड्रिल! दिवसरात्र हेच. एका खेपेत तीनचार मीटर डोंगर मागे सरला तर त्या पाळीचा मुकादम खूश. सगळ्यांत धोक्याचे काम सुरुंगाचे नव्हे, सैल दगड पाडण्याचे, असे दादाने मला सांगितले. सुरुंग वाजून सांगतो. दगड सांगत नाही.

आमचा सह्याद्री लाव्हारसाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला. कातळ टणक, पण दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, आणि पावसाचे पाणी त्यातून वाट काढते. गोव्यात पेडण्याला तर कातळच नव्हता, ओली चिकणमाती! तेथला दीड किलोमीटरांचा बोगदा पुन्हापुन्हा ढासळला आणि सगळ्या मार्गाला थांबवून बसला. 1995 साली गाडी खेडपर्यंत आली. पुरा मार्ग 26 जानेवारी 1998 ला सुरू झाला. या कामी जे मजूर आणि कर्मचारी गेले त्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकाजवळ आहे. गाडी तेथे थांबते तेव्हा आपण सगळे वडापावाच्या मागे असतो, मीही असतो.

ड्रिलच्या आवाजाने दादाचे कान तेव्हापासूनच जाऊ लागले. कानात बोळे घालायला सांगत, पण ती पोरे लाजत. बोळे घालणारा म्हणजे भित्रा!

काम संपले तेव्हा गावाला वाटले, आता हा शेती बघेल. पण एकदा बोगद्याची चटक लागलेला माणूस उन्हात रमत नाही. कोकण रेल्वेच्या कंपनीला पुढे काश्मीरच्या मार्गातला कटरा बाजूचा अवघड भाग मिळाला आणि दादाही दुसऱ्या एका ठेकेदाराबरोबर तिकडे गेला. वर्षातून एकदा, कधी गणपतीत, कधी शिमग्याला यायचा. येताना अक्रोड आणायचा. भात लावायचे मी, घर शाकारायचे मी, आईची औषधे मी. वहिनी आणि मुले आमच्याबरोबर.

2013 च्या जुलैत आई गेली. वरून असा पाऊस की घाट बंद. दादाला कळवायचे कसे? आपल्याकडची प्रीपेड सिमकार्डे तिकडे चालत नाहीत, आणि डोंगराच्या पोटात चालणारा फोन अजून निघायचा आहे. ठेकेदाराच्या कचेरीत निरोप ठेवला. अग्नी मी दिला. दादा आला तो दहाव्या दिवशी, पिंडाला कावळा शिवून गेल्यावर. ओट्यावर बसून राहिला. मी एवढेच बोललो, "आलास? बरे झाले." त्यानंतर आम्ही बोललो ते बियाणे, घरपट्टी, भाचीचे लग्न याविषयी, त्या दहा दिवसांविषयी नाही.

पुढच्या वर्षी तो कायमचा परत आला. मोठ्याने बोलावे तेव्हा ऐकू येई. 6 जून 2025 ला चिनाबच्या पुलाचे उद्‌घाटन झाले ते त्याने टीव्हीवर पाहिले आणि आवाज नसल्याची तक्रार केली. आवाज चांगला मोठा होता. मी मे महिन्यात निवृत्त झालो होतो, हाती चार पैसे होते. मी म्हटले, "दादा, चल, बघून येऊ." वहिनींनी आधी हातच जोडले. एप्रिलात पहलगामला जे घडले ते ताजे होते. शेवटी दादाने लावणीच्या आत परत येण्याचे वचन दिले आणि आम्ही निघालो.

कटऱ्याहून श्रीनगर वंदे भारतने तीन तासांचे. सामानाची तपासणी कडक. खिडकीजवळ दादाला बसवले. कटरा ते बनिहाल या 111 किलोमीटरांपैकी सुमारे 97 किलोमीटर बोगदे आहेत, तेव्हा देखावे पाहायला निघालेल्यांची थोडी निराशा होते. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ "सगळा अंधारच की!" असे म्हणाले. दादाला ते ऐकू आले नाही, हे बरे झाले. त्याने काचेवर पंजा टेकवला होता आणि अंधार कसा आहे ते तो हाताने वाचत होता.

हिमालय सह्याद्रीपेक्षा पुष्कळ उंच, पण वयाने पोर. अजून वर ढकलला जातोच आहे. त्याचा खडक ठिकठिकाणी भुगा झालेला; खणावे तो पाणी फुटते. येथे नुसते पोटातून जाऊन भागत नाही. अंजी खडवर एकाच मनोऱ्याला दोरखंडांनी टांगलेला पूल आहे, आणि चिनाबवर पोलादी कमान, 467 मीटर रुंद गाळ्याची. रूळ नदीच्या तळापासून 359 मीटरांवर. आयफेल टॉवर खाली उभा केला तरी त्याचे टोक पोचणार नाही. तेथे जायला वाटच नव्हती. रेल्वेच्या आधी दोनशे किलोमीटरांहून जास्त रस्ते बांधावे लागले. दादा पहिल्यांदा गेला तेव्हा सामान खेचरांवर जाई. कमानीचे तुकडे खोऱ्यावर ताणलेल्या तारांवरून दोन्ही काठांकडून नेत नेत 2021 च्या एप्रिलात मध्यावर जोडले. दादा तेव्हा घरी भात मळून मोकळा झालेला!

अंधार संपला, डब्यात उजेड भरला आणि सगळे एकदम खिडक्यांकडे धावले. खाली हिरवट नदी सुतळीएवढी. मिनिटभरात पूल संपला. पुन्हा बोगदा.

तेव्हा दादा बोलला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. अर्ध्या डब्याने ऐकले.

"आई गेली तेव्हा मी अशाच एका बोगद्यात होतो. निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला मला."

मी त्याच्याकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी निघाला असता तर सातव्याला शिवथरला.

"पाणी फुटलं होतं," तो म्हणाला. "पोरं पंप लावून आत होती. माझ्या पाळीची. बिहारची, आपल्या पोलादपूरची दोन. मी सुटलो असतो तर तीही सुटली असती. चिठ्ठी खिशात घातली. पाणी हटल्यावर निघालो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

त्याला ऐकू गेले नसावे. किंवा गेलेही असेल. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा विचारले नाही. पोरे सुखरूप निघाली का, एवढे विचारले. त्याने मान हलवली, "सगळी."

वहिनींनी दिलेला चिवड्याचा डबा मी उघडला. बनिहाल येईपर्यंत आम्ही तो संपवला.

श्रीनगरला दोन दिवस राहिलो. शिकारा वगैरे झाला. त्याचे वर्णन वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. परतीच्या वाटेवर करंजाडीला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता, आणि एक गस्तवाला खांद्यावर छत्री आणि हातात दिवा घेऊन कटिंगमधल्या दरडींवर नजर ठेवीत रुळांवरून चालला होता. 2004 साली याच भागात दरडीच्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेसला मोठा अपघात झाला होता; डोंगर कापला म्हणजे त्याची राखणही जन्मभर करावी लागते. पावसाळ्यात म्हणूनच येथे गाड्या सावकाश धावतात. दादाने त्याला थांबवून वरच्या बाजूचा एक दगड दाखवला आणि दोघे बराच वेळ हातवारे करीत बोलत राहिले. गस्तवाल्याने वहीत काहीतरी टिपून घेतले.

घरी पोचलो तो वहिनी दारात. रोपे हातभर झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे दादाने मला हाक मारून उठवले, एवढ्या मोठ्याने की शेजारचेही उठले, आणि आम्ही दोघे चिखलात उतरलो.