अमेरिकेनंतरचा सामना

स्वतंत्र लिथुएनियाच्या पुरुष बास्केटबॉल संघानं ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांत अमेरिकेला आजवर तीनदा हरवलं आहे. 1998 मध्ये ग्रीसमध्ये 84-82, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 94-90 आणि 2023 मध्ये मनिलात 110-104. तिन्ही वेळा हा संघ हात हलवत घरी परतला. याउलट 1992, 1996, 2000 आणि 2010 या चार स्पर्धांत त्यानं अमेरिकेकडून मार खाल्ला आणि चारही वेळा कांस्यपदक आणलं. अमेरिकेला हरवलं की पदक जातं, हरलं की मिळतं, असा ठोकताळा मांडायचा मोह मलाही झाला होता. पण 2012 आणि 2014 मध्ये हा संघ अमेरिकेकडूनही हरला आणि पदकही गेलं, त्यामुळे तो पुरा टिकत नाही. तरी त्यात काहीतरी आहे असं मला वाटत राहतं. या संघाची गोष्ट अमेरिकेला बाजूला ठेवून सांगताच येत नाही, हे मात्र नक्की.

देश केवढा, तर लोकसंख्या साधारण 29 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं मोजली गेली होती. तिथे बास्केटबॉलला दुसरा धर्म म्हणतात. पहिला कॅथलिक.

हा खेळ तिथे रुजवणाऱ्यांत एक वैमानिक होता. स्तेपोनास दारियुस लहानपणी अमेरिकेला गेला, तिथे वाढला, पहिल्या महायुद्धानंतर मायदेशी परतला आणि येताना इतर खेळांबरोबर बास्केटबॉलही घेऊन आला. त्यानं या खेळाच्या नियमांची पुस्तिका लिथुएनियन भाषेत लिहिली. 1933 मध्ये न्यूयॉर्कहून काउनासला न थांबता उड्डाण करताना अटलांटिक ओलांडून झाल्यावर, मुक्काम अजून सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर असताना त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. तिथल्या कित्येक रस्त्यांना त्याचं नाव आहे ते त्या उड्डाणामुळे. पण माझ्या लेखी त्या पुस्तिकेचं महत्त्व कमी नाही. राष्ट्रीय संघाची सुरुवात मात्र यथातथाच होती. 1925 मध्ये रिगाला पहिला सामना झाला आणि लात्वियानं 41-20 असं लोळवलं.

मग बारा वर्षांत हाच संघ युरोपचा विजेता कसा झाला? अमेरिकेतून माणसं आणून. शिकागो वगैरे शहरांत लिथुएनियन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती आणि त्यांची मुलं शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळत वाढली होती. त्यांतले काही 1937 च्या युरोपीय स्पर्धेसाठी आले आणि अंतिम सामन्यात इटलीला 24-23 असं हरवलं. दोन वर्षांनी स्पर्धा घरच्या काउनासला होती. तिच्यासाठी लिथुएनियानं खास सभागृह उभारलं. फक्त बास्केटबॉलसाठी बांधलेलं युरोपातलं ते पहिलं सभागृह. त्यात लात्वियाविरुद्धचा सामना 37-36 असा सुटला. शेवटच्या क्षणाची बास्केट प्रानास लुबिनासची होती. हा लुबिनास म्हणजे लॉस एंजेलिसचा फ्रँक ल्यूबिन. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघातून तो खेळला होता. ती अंतिम लढत उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, पावसात झाली आणि 19-8 अशी संपली. लुबिनासला खेळवण्याबद्दल लात्वियानं तक्रार केली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही केली असती.

पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, सोव्हिएत फौजा आल्या आणि देश नकाशावरून गेला. संघही गेला.

इथून पुढची पन्नास वर्षं लिथुएनियाचा राष्ट्रीय संघ नव्हता असं कागदोपत्री म्हणता येतं. माझं मत वेगळं आहे. संघ होता, फक्त त्याला राष्ट्रीय म्हणायची सोय नव्हती. त्याचं नाव झालगिरिस, गाव काउनास. 1410 मध्ये पोलंड आणि लिथुएनियाच्या फौजांनी ट्युटॉनिक सरदारांना जिथे धूळ चारली त्या रणभूमीचं हे नाव. जर्मनांच्या पराभवाची आठवण म्हटल्यावर मॉस्कोनं हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. लोकांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. 1985, 1986 आणि 1987 अशी सलग तीन वर्षं झालगिरिसनं सोव्हिएत विजेतेपद पटकावलं, आणि तेही सीएसकेए मॉस्कोला, म्हणजे लाल सैन्याच्या क्लबला मागे टाकून. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या गोष्टीवर, जी पुढे येईलच, माहितीपट निघाला, लेख आले, ती जगभर गेली. या तीन हिवाळ्यांबद्दल लिथुएनियाबाहेर कुणी फारसं बोलत नाही. मला मात्र 1992 इतकाच तो काळ मोलाचा वाटतो.

त्या झालगिरिसच्या मध्यभागी अर्विदास साबोनिस उभा असायचा. उंची दोन मीटर 21 सेंटिमीटर. एवढ्या उंचीचे खेळाडू एरवी रिंगखाली खांबासारखे रोवलेले असतात. साबोनिस मात्र पाठीमागून पास द्यायचा, लांबून तीन गुणांचा शॉट मारायचा, आणि हे सगळं अशा काळात की जेव्हा सेंटरनं असं काही करावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. 1986 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सनं त्याची निवड केली, पण मॉस्कोची परवानगी नव्हती. मग टाचेची शीर तुटली, सावरते न सावरते तोच पुन्हा तुटली. तो शेवटी एनबीएत उतरला तो 1995 मध्ये, 31 व्या वर्षी. पायातली उडी तोवर गेलेली होती, हातातला पास तेवढा शाबूत होता.

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघानं उपांत्य फेरीत अमेरिकेला 82-76 असं हरवलं आणि पुढे युगोस्लाव्हियाला हरवून सुवर्ण घेतलं. त्या संघाच्या पहिल्या पाचांत चार लिथुएनियन होते: साबोनिस, शारूनास मार्चुल्योनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि वाल्देमारास होमिचुस. त्यांच्या गळ्यात सुवर्ण होतं आणि कानावर दुसऱ्याच देशाचं राष्ट्रगीत. अमेरिकेला हरवून पदक आणल्याचा हा दाखला, पण तो परक्या जर्सीतला. (सोव्हिएत संघाशी भारताचीही गाठ पडलेली आहे. 1980 ला मॉस्कोत, बहिष्कारामुळे रिकाम्या झालेल्या जागांवर आपला पुरुष संघ ऑलिंपिकला पोचला होता आणि यजमानांनी त्याचा पन्नासहून जास्त गुणांनी धुव्वा उडवला. त्या यजमान संघातही सेर्गेयुस योवाइशा हा लिथुएनियन होताच. त्यानंतर आपला पुरुष संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.)

लिथुएनियानं 11 मार्च 1990 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी 1991 मध्ये विल्नियसच्या दूरदर्शन मनोऱ्यापाशी रणगाडे आले, निःशस्त्र माणसं मेली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ मोडला. समोर 1992 चं बार्सिलोना होतं. संघ पाठवायला पैसे नव्हते. मार्चुल्योनिस तोवर एनबीएच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळत होता. तिथला डॉनी नेल्सन त्याचा दोस्त. दोघं मिळून वर्गणी गोळा करत फिरले. ती बातमी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडपर्यंत पोचली. त्यांनी पैसे तर दिलेच, वर टी-शर्ट दिले. पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांत बांधणीसारखे रंगवलेले, छातीवर चेंडू रिंगमध्ये कोंबणारा सांगाडा. ग्रेग स्पायर्स या चित्रकाराचं ते काम.

उपांत्य फेरीत अमेरिकेचा ड्रीम टीम होता. 127-76. या सामन्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. कांस्यपदकाची लढत मात्र पडली कुणाशी, तर माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाशी. कालपर्यंत एकाच खोलीत कपडे बदलणारी माणसं आता समोरासमोर. गटात याच संघानं लिथुएनियाला हरवलेलं होतं. या वेळी 82-78. सामना संपल्यावर राष्ट्रप्रमुख वितौतास लँड्सबर्गिस कपडे बदलायच्या खोलीत पोचले. हे गृहस्थ मूळचे संगीताचे प्राध्यापक. शॅम्पेनच्या फवाऱ्यात तेही भिजले. पदक घ्यायला खेळाडू आले ते सांगाड्याचे टी-शर्ट घालून. व्यासपीठावर शेजारी जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड उभे आहेत आणि यांच्या अंगावर ते रंग, हे छायाचित्र पाहिलं की हे लोक सुवर्ण जिंकून आले असंच वाटतं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती परीकथा झाली असती. संघाच्या पाठीमागे लागणाऱ्या माणसाला मात्र पुढची वर्षंही बघावी लागतात.

1995 ची युरोपीय अंतिम लढत अथेन्सला युगोस्लाव्हियाशी झाली. त्यांच्या जॉर्जेविचनं एकट्यानं 41 गुण केले. पण सामना लक्षात राहिला तो पंचांमुळे. निर्णयांवर चिडून लिथुएनियाचे खेळाडू मैदान सोडून बाजूला झाले. त्यांना परत या म्हणून विनवणाऱ्यांत जॉर्जेविच स्वतः होता. ते परतले आणि 96-90 असे हरले. प्रेक्षागारातले ग्रीक तोवर लिथुएनियाच्या बाजूनं घोषणा देत होते. हरलेल्या संघाचा मार्चुल्योनिस स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आणि सिडनी 2000. साबोनिस नाही, मार्चुल्योनिस निवृत्त. समोर एनबीएच्या ताऱ्यांनी भरलेला अमेरिकन संघ, ज्याला 1992 पासून ऑलिंपिकमध्ये कुणी हरवलेलं नव्हतं. चेंडू शारूनास यासिकेविचुसच्या हातात. हा काउनासचा मुलगा अमेरिकेत मेरीलंड विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला, पण एनबीएच्या एकाही संघानं त्याला निवडलं नव्हतं. त्या दिवशी त्याचे 27 गुण झाले होते. 85-83, शेवटचे क्षण, त्यानं लांबून तीन गुणांचा शॉट टाकला. चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. या संघाचा मी पाहिलेला सर्वांत मोठा सामना कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो, 2003 चा स्टॉकहोमचा अंतिम सामना नव्हे. तिथे स्पेनला 93-84 असं हरवून लिथुएनियानं 64 वर्षांनी युरोपचं सुवर्ण मिळवलं आणि यासिकेविचुस सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळं यथासांग झालं. पण सिडनीच्या त्या संध्याकाळी ड्रीम टीमची भीती जगाच्या मनातून उतरली, हे अधिक मोठं. चार वर्षांनी अथेन्समध्ये यासिकेविचुसनं 28 गुण करून हिशेब चुकता केला. मग उपांत्य फेरीत इटलीकडून 100-91 अशी हार आणि कांस्यासाठी परत अमेरिका, या वेळी 104-96. हिशेब चुकता झाला, पदक गेलं.

यानंतर 2010 चं जागतिक कांस्य, 2013 आणि 2015 ची युरोपीय रौप्यपदकं आली. मधे 2011 मध्ये घरच्या काउनासला, सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना, मॅसिडोनियानं उपांत्यपूर्व फेरीत 67-65 असं बाहेर काढलं. 2021 मध्ये पुन्हा काउनासलाच लुका डॉन्चिचच्या स्लोव्हेनियानं हरवलं आणि स्वातंत्र्यानंतर प्रथमच या संघाशिवाय ऑलिंपिक झालं. 2022 ला जर्मनीविरुद्ध एक तांत्रिक फ्री थ्रो मिळाला, तो घ्यायला लावायचंच पंच विसरले, आणि सामना दोन ओव्हरटाइमनंतर 109-107 असा गेला. दोन गुणांचा फरक. त्यावर तक्रार झाली, ती फेटाळली गेली. असं काही आपल्या क्रिकेटमध्ये झालं असतं तर स्टुडिओंत महिनाभर खुर्च्या तापल्या असत्या.

क्रिकेटच्या सवयीच्या माणसाला राष्ट्रीय बास्केटबॉल संघाच्या मागे लागणं जरा अवघडच जातं. हा संघ वर्षातले दहा महिने अस्तित्वातच नसतो. 2017 पासून जागतिक संघटनेनं पात्रता फेऱ्यांचे बरेच सामने नोव्हेंबर-फेब्रुवारीच्या ‘खिडक्यांत’, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेल्या थोड्या दिवसांत, बसवले. तेव्हा एनबीए आणि युरोलीगचे हंगाम जोरात असतात, क्लब आपले खेळाडू सोडत नाहीत. त्यामुळे मोठी नावं उन्हाळ्यात मैदान गाजवतात, पण त्यांना तिथवर नेतात दुय्यम फळीतले खेळाडू, ज्यांची नावं तिथल्या शेजारच्या देशातही कुणाला ठाऊक नसतात. हे सामने आपल्याकडे रात्री उशिरा सुरू होतात. समालोचक बहुधा एकटाच असतो आणि सभागृह अर्धं भरलेलं असतं. संघाची खरी खोली कळते ती इथेच.

3 सप्टेंबर 2023, रविवार. मनिलाच्या सामन्याच्या वेळी आपल्याकडे संध्याकाळ होती. लिथुएनियानं तीन गुणांचे पहिले नऊच्या नऊ शॉट आत घातले. साबोनिसचा मुलगा दोमांतास, जन्म पोर्टलंडचा, त्या संघात नव्हता. वायदास कारिन्याउस्कास या अमेरिकेत कुणाला माहीत नसलेल्या गड्यानं 15 गुण केले. 110-104. दोन दिवसांनी सर्बियानं उपांत्यपूर्व फेरीत 87-68 असं चेपलं, आणि पाचव्या क्रमांकासाठी लात्वियानं 98-63. मला वाटतं, कारण साधं आहे. अमेरिकेविरुद्ध हा संघ गमावण्यासारखं काही नसल्यासारखा खेळतो, आणि जिंकला की अचानक गमावण्यासारखं सगळंच हातात येतं. तशात सर्बियाकडे त्या विजयाचं चित्रीकरण आणि ते बघायला दोन दिवस होते.

2024 मध्ये सान हुआनला पोर्तो रिकोनं 79-68 असं हरवून पॅरिसचं दार लावलं. पॅरिसहून पदक आलंच, पण ते तीन-तीन खेळाडूंच्या, अर्ध्या कोर्टवरच्या प्रकारात, कांस्य, आणि तेही लात्वियाला हरवून. 2025 च्या युरोपीय स्पर्धेत बाकावर प्रशिक्षक म्हणून कुर्तिनाइतिस बसला होता, सोलचा तोच. लात्वियाच्याच रिगात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, लिथुएनियानं 88-79 असं त्यांना बाहेर काढलं. पुढच्या सामन्यात ग्रीसकडून 87-76 अशी हार.

आता 2027 ची जागतिक स्पर्धा कतारमध्ये आहे. आधी खिडक्यांतले सामने जिंकून तिथवर पोचायचं. पोचले आणि गट जाहीर झाले की अमेरिका कुठल्या बाजूला पडली ते मी पहिल्यांदा बघणार आहे.