पक्षाघात : विलंबाची किंमत

गेल्या श्रावणातील एक संध्याकाळ. शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे चहाला आले होते. बोलता बोलता त्यांच्या हातातला कप कलंडला. उजवा हात मांडीवर निर्जीवासारखा पडला. ते काही सांगू पाहत होते. आवाज निघत होता, पण शब्द जुळत नव्हते. घड्याळात पावणेसात वाजले होते. प्रस्तुत लेखकाने त्यांना दिवाणावर आडवे केले आणि "सर, जरा पडा, बरे वाटेल," असा सल्ला दिला. कोणी साखरपाणी आणले, कोणी तळपायांना तेल चोळले. कोपऱ्यावरचा दवाखाना आठला उघडतो, म्हणून आठपर्यंत वाट पाहिली. डॉक्टरांनी पाहताक्षणी मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगितले, तेव्हा नाशिकहून निघालेल्या चिरंजीवांची वाट पाहिली. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "हे किती वाजता सुरू झाले?" उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची वेळ टळून गेली होती.

सर वाचले. परंतु पस्तीस वर्षे मुलांना भाषा शिकवलेला हा माणूस आज स्वतःच्या पत्नीला हाक मारताना नाव शोधत राहतो. त्या संध्याकाळी घरात चार सुशिक्षित माणसे होती, टेलिफोन होता, दाराशी वाहन होते, पैशांचीही अडचण नव्हती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. समोर जे घडत आहे ते काय आहे आणि त्याला किती घाई आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु दुर्मीळ साधनांचा विनियोग हा ज्या शास्त्राचा विषय, त्याच्या अध्यापकाला त्या रात्री सर्वांत दुर्मीळ साधन कोणते हे कळू नये, याची खंत या लेखामागे आहे.

वारे 'गेले' की 'जात आहे'?

आपल्या भाषेत या विकाराला 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग जुना आहे आणि सोसलेल्या अनुभवातून आलेला आहे. तथापि त्यातील भूतकाळ आज घातक ठरतो. वारे 'गेले' म्हणजे जे व्हायचे ते होऊन चुकले. आता उरले ते मालिश, पथ्य आणि दैव. वस्तुस्थिती निराळी आहे. पहिली लक्षणे दिसतात तेव्हा नुकसानीला आरंभ झालेला असतो, ती पूर्ण झालेली नसते.

पक्षाघाताच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चौघांमध्ये मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकलेली असते; उरलेल्यांमध्ये वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा थोडा भाग काही मिनिटांतच मरतो. परंतु त्याभोवतीचा बराच मोठा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर तग धरून असतो. त्याचे काम बंद पडलेले असते, प्राण गेलेला नसतो. रक्तप्रवाह वेळेवर पुन्हा सुरू झाला तर हा भाग वाचू शकतो. न झाला तर तोही क्रमाक्रमाने मरतो.

या मरणाचा हिशेबही मांडला गेला आहे. जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, मोठी वाहिनी अडली असता उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लक्ष चेतापेशी नष्ट होतात. अर्थात ही सरासरी आहे. प्रत्येक रुग्णाची गती वेगळी. तरीही दवाखाना उघडण्याची वाट पाहण्यात आम्ही घालवलेल्या सव्वा तासाचा हिशेब या दराने केला, तर तो चौदा कोटींवर जातो. कोणत्याही बाजारात विलंबाला एवढे व्याज कोणी आकारत नाही.

उपचार आहे, पण घड्याळाला बांधलेला

एके काळी या घाईला फारसा अर्थ नव्हता, कारण डॉक्टरांच्या हातीही थोडेच होते. डिसेंबर १९९५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने चित्र पालटले. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध दिलेल्या रुग्णांमध्ये, तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी अधिक आढळले. औषध निर्धोक नव्हते. मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याचे प्रमाण ते घेणाऱ्यांत ६.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत ०.६ टक्के होते. तरीही एकूण लाभाचे पारडे जड ठरले. २००८ सालच्या युरोपीय प्रयोगानंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या पाच प्रयोगांनी, मांडीतील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठ्या वाहिनीतील गुठळी बाहेर काढण्याचा उपाय सिद्ध केला. २०१८ पासून निवडक रुग्णांसाठी त्याची मर्यादा चोवीस तासांपर्यंत गेली. म्हणून उशीर झाला असला तरी 'आता काय उपयोग' असे म्हणून घरी बसणे चुकीचेच. मात्र मर्यादा वाढली म्हणजे सवड मिळाली असे नव्हे. मुदतीच्या आतही पहिल्या तासात मिळालेला उपचार चौथ्या तासातील उपचारापेक्षा कितीतरी अधिक वाचवतो. शिवाय गुठळी काढण्याची सोय मोजक्याच रुग्णालयांत असते. आम्ही त्या रात्री गेलो तेथे ती नव्हती.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गुठळी आणि रक्तस्राव यांची बाहेरून दिसणारी लक्षणे इतकी सारखी असतात की, सीटी स्कॅनशिवाय निष्णात डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. आणि गुठळीवरचे औषध रक्तस्रावात दिले तर ते प्राणावर बेतते. म्हणूनच ज्या दवाखान्यात स्कॅनची सोय नाही तेथील थांबा, तेथील डॉक्टर कितीही सज्जन असले तरी, बहुधा वेळेचा अपव्यय ठरतो.

आपण का थांबतो?

छातीत कळ आली की माणूस धावतो, कारण वेदना त्याला धाववते. गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातात बहुधा वेदना नसते. हात बधिर होतो, तोंड वाकडे होते, पण दुखत काहीच नाही. आणि जे दुखत नाही ते गंभीर नाही, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. दुसरे कारण याहून विलक्षण आहे. ज्या मेंदूने संकट ओळखायचे त्याच्यावरच घाला पडलेला असतो. कित्येकदा रुग्णाला आपला हात लुळा पडल्याची जाणीवच नसते. काहींची वाचा गेलेली असते. त्यामुळे हा निर्णय रुग्णावर सोडताच येत नाही. तो घ्यायचा असतो पत्नीने, सुनेने, शेजाऱ्याने, कचेरीतील सहकाऱ्याने किंवा एस. टी.च्या कंडक्टरने.

तिसरे कारण आपल्या कुटुंबव्यवस्थेत आहे. मोठा निर्णय घरातल्या कर्त्या माणसाने घ्यावा, ही आपली रीत. 'थोरल्याला येऊ द्या' या वाक्याने किती तास खाल्ले असतील याची नोंद कोठेही नाही. रुग्णालयात पोहोचल्यावरही संमतीची सही कोणी करायची यावर खल होतो. दूर असलेल्या कर्त्या माणसाने फोनवर "मी येईपर्यंत थांबा" असे न म्हणता "मी परस्पर रुग्णालयात येतो, तुम्ही निघा" एवढे म्हटले, तरी रीत मोडत नाही आणि वेळही वाचतो.

ओळखावे कसे?

खूण लक्षात ठेवण्यास चार शब्द पुरेत : चेहरा, हात, बोलणे, वेळ. रुग्णाला हसायला किंवा दात दाखवायला सांगावे. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली दिसते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलून दहा आकडे मोजेपर्यंत धरायला सांगावे. एक हात खाली येतो का? एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. जीभ जड वाटते का, शब्द भलतेच येतात का, आपले बोलणे त्याला उमगत नाही असे वाटते का? यांपैकी एकही खूण आढळली तर चौथा शब्द अमलात आणायचा. याखेरीज एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे, एकाऐवजी दोन दिसणे, तोल जाऊन चालता न येणे, पूर्वी कधी अनुभवली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी एकाएकी सुरू होणे, हीही लक्षणे होत. या सर्वांत कळीचा शब्द 'अचानक' हा आहे.

कधी कधी ही लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत आपोआप ओसरतात आणि घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वास्तविक ती निसर्गाने दिलेली नोटीस असते. अशा प्रसंगानंतर मोठ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी तपासणी व्हायलाच हवी.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तोंडात पाणी, चहा, साखर, औषध काहीही घालू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरिनची गोळी देऊ नये, कारण आत रक्तस्राव असेल तर ती अपाय करील. रक्तदाबाची जादा गोळी आपल्या मनाने देऊ नये. सुईने बोटे टोचून रक्त काढण्याचा जो सल्ला मोबाइलवरून फिरत असतो, त्याला शास्त्राचा आधार नाही. मालिशीत वेळ घालवू नये. रुग्ण गुंगीत असेल तर त्याला कुशीवर वळवावे, तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता ती वेळ कागदावर लिहावी, चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात आणि निघावे.

दोन चुकांचा ताळेबंद

'उगाच धावपळ झाली तर?' हा संकोच अनेकांना अडवतो. त्याचा विचार थंडपणे करावा. येथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. पक्षाघात नसताना आपण रुग्णालय गाठले, तर एक संध्याकाळ, थोडा पैसा आणि थोडे हसे एवढाच खर्च. पक्षाघात असताना आपण थांबलो, तर एका माणसाची वाचा, हातपाय, कमाई. आणि त्याच्या शुश्रूषेत अडकलेल्या दुसऱ्या माणसाची, बहुधा घरातल्या बाईची, वर्षानुवर्षे. या दुसऱ्या माणसाचे श्रम कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत, म्हणून ते फुकट असतात असे नव्हे. पहिली चूक दहा वेळा केली तरी ती दुसऱ्या एका चुकीपेक्षा स्वस्त पडते. शिवाय महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिकेची सेवा आहे. फोनवर 'चक्कर आली' असे मोघम न सांगता 'पक्षाघाताचा संशय आहे' असे स्पष्ट सांगावे.

हे सारे शहरी मध्यमवर्गापुरते आहे, असे कोणी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेने ८६ खेड्यांतील मृत्यूंची २०११ ते २०१३ या काळातील दोन वर्षांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध केली. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. तेथे मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. या मृत्यूंपैकी ८७ टक्के घरीच झाले. ज्याला आपण श्रीमंतांचा रोग समजतो, तो आदिवासीबहुल जिल्ह्यातील झोपडीत मुक्कामाला आहे. तोही वैद्यकीय मदतीविना.

केवळ नागरिकांना जागे करून हा प्रश्न सुटणार नाही. चार खुणा ओळखून निघालेल्या माणसाने जायचे कोठे, हे सांगण्याची जबाबदारी शासनाची. कोणत्या रुग्णालयात रात्री दोन वाजताही सीटी स्कॅन चालू असतो आणि गुठळीवरचे औषध देणारा डॉक्टर हजर असतो, याची यादी प्रत्येक जिल्ह्याने प्रसिद्ध करून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एस. टी. स्थानकावर आणि रेशन दुकानात लावावी. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती इच्छा. रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे. गावपातळीवर तो नियमित मोजणे आणि त्याच्या गोळ्या खंड न पडता मिळणे, ही यातली सर्वांत स्वस्त गुंतवणूक होय.

तोवर प्रत्येक घराने एक काम आजच करावे. आपल्या गावापासून असे रुग्णालय कोठे आहे याची चौकशी करून त्याचे नाव व फोन क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आमच्या कॅलेंडरवर तो आता आहे. सर अधूनमधून येतात, डाव्या हाताने कप धरतात आणि त्या आकड्यांकडे पाहत राहतात. त्यांच्या मनात काय येते ते विचारण्याचे धैर्य अद्याप झालेले नाही.