शिकण्याच्या काळातलं व्याज

शैक्षणिक कर्जाच्या तारणावरचा मागचा लेख वाचून साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी पत्र पाठवलं, आणि त्यातला प्रश्न मला कधीपासून लिहायचा होता. मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, 10 लाखांचं कर्ज मंजूर झालं. शिक्षणाची 4 वर्षं आणि वर 1 वर्ष मोरेटोरियम, म्हणजे तोवर हप्ता नाही. शाखेतले अधिकारी म्हणाले, ‘आत्ता काही भरू नका.’ दीर म्हणाले, ‘वहिनी, व्याज तरी भरत चला, नाहीतर चक्रवाढ लागेल.’ करसल्लागारांनी तिसरंच सांगितलं : ‘आत्तापासून व्याज भरलंत तर 80ई कलमाखाली व्याजावर मिळणाऱ्या करवजावटीची वर्षं वाया जातील.’ ऐकायचं कुणाचं?

आधी पैसे मोजू. सोयीसाठी व्याजदर 10 टक्के धरतो. कर्ज एकदम मिळत नाही; दर वर्षी फी भरताना अडीच लाख उचलले जातात. पहिल्या अडीच लाखांवर 5 वर्षांचं व्याज सव्वा लाख, दुसऱ्यावर 4 वर्षांचं 1 लाख, मग 75 हजार आणि 50 हजार. एकूण साडेतीन लाख. ते भरले नाहीत तर मुलाचा हप्ता सुरू होतो तो साडेतेरा लाखांवर. 10 वर्षांच्या फेडीत हप्ता 13,215 ऐवजी 17,840 रुपये बसतो. दरमहा 4,625 जास्त, म्हणजे 10 वर्षांत साडेपाच लाख. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाच्या पगारातून हे जाणार असतात. घरोघरी हा आकडा कुणी मांडून दाखवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता दिरांचं म्हणणं. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात मोरेटोरियमच्या काळात व्याज सरळ लागतं. थकलेल्या व्याजावर व्याज चढत नाही. हप्ते सुरू होताना मात्र ते सगळं मुद्दलात मिसळतं आणि तिथून पुढे चक्रवाढ. म्हणजे घाई दर महिन्याची नाही, त्या एका दिवसाच्या आधीची आहे. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो, कारण यातून एक सुंदर वाट निघते. पहिल्या अडीच लाखांचं व्याज महिन्याला सुमारे 2,100 रुपये. तेवढ्याची 5 वर्षांची आरडी (आवर्ती ठेव) आईच्या नावावर काढा. पुढच्या वर्षी रक्कम उचलली की तेवढीच दुसरी, 4 वर्षांची. मग 3 वर्षांची, मग 2 वर्षांची. चारही आरडींची मुदत एकदमच संपते. ते सगळं व्याज भरायला साडेतीन लाख हातात येतात, वर आरडीचं व्याज सुटतं, आणि मधल्या काळात घरात आजारपण निघालं तर पैसा आपल्याच ताब्यात असतो.

याला एक अपवाद. शिकतानाच नियमित व्याज भरणाऱ्याला काही बँका त्या काळापुरती व्याजदरात 1 टक्का सूट देतात. तुमची बँक देत असेल तर आरडीचा फायदा जवळपास तिथेच भरून निघतो. मग दरमहा व्याज भरणं सरळ आणि सोपं. खासगी वित्तसंस्थांचं कर्ज असेल तर नियम वेगळे असू शकतात, मंजुरीपत्र वाचल्याशिवाय काही ठरवू नका. आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी 10 लाखांपर्यंतच्या कर्जाचं मोरेटोरियममधलं व्याज सरकार भरतं. अशा घरांनी खिशातून काही भरण्याआधी उत्पन्नाचा दाखला काढून अर्ज करावा.

राहिली 80ई. करसल्लागारांचं म्हणणं नियमाला धरून आहे. ज्या वर्षी व्याज भरायला लागता ते वर्ष आणि पुढची 7 वर्षं, एवढीच वजावट. तिला रकमेची मर्यादा नाही, पण ती फक्त व्याजाला आहे, मुद्दलाला नाही. आणि ती जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत करच लागत नाही. पत्रलेखिकेच्या घरचं उत्पन्न त्याहून बरंच कमी आहे, त्यामुळे वजावट वाचवायची कशासाठी? जे जुन्या पद्धतीतच आहेत, त्यांनाही आरडीची वाट सोयीची : व्याज पाचव्या वर्षाच्या शेवटी भरलं की 8 वर्षांची मोजणी तिथून सुरू होते. 10 वर्षांच्या फेडीत व्याजाचा मोठा वाटा पहिल्या वर्षांतच जातो, त्यामुळे फारसं काही हुकत नाही. एवढंच, की कर्जदार किंवा सहकर्जदार म्हणून ज्याचं नाव आहे आणि ज्याने स्वतःच्या उत्पन्नातून व्याज भरलं, वजावट त्याचीच. काकांनी किंवा मामांनी प्रेमाने भरलं तर त्यांना ती मिळत नाही.

म्हणून त्या भगिनींना माझं उत्तर : व्याज मुद्दलात मिसळू देऊ नका. आणि ज्यांच्या घरी यंदा कर्ज निघतंय त्या सगळ्यांना विनंती, की शाखेत जाऊन दोनच गोष्टी लेखी मागून घ्या : मोरेटोरियममध्ये व्याज सरळ आहे की चक्रवाढ, आणि वेळेवर भरल्यास सूट किती.