गुरांच्या मेंदुरोगाचे निदान
ब्रिटनमध्ये १९८६ साली गुरांचा एक नवा मेंदुरोग ओळखला गेला. जनावर बुजते, अडखळते, अखेर उठेनासे होते. यास कारण जंतू नव्हे, तर प्रायॉन नावाचे विकृत प्रथिन होय. त्याविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्ये निर्माण होत नाहीत. सबब नेहमीची रक्ततपासणी व्यर्थ. मृत्यूनंतर मेंदूच्या देठाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यांत स्पंजासारखी छिद्रे दिसतात; मात्र खात्री होते ती विकृत प्रथिन दाखविणाऱ्या विशेष रंजनाने. ताज्या तुकड्यावरही प्रथिनाची चाचणी करता येते.

भारतात हा रोग आढळलेला नाही. आपल्याकडे अशा लक्षणांत प्रथम शंका घ्यावी ती पिसाळ रोगाची. म्हणून कार्यकर्त्यांनी वा शेतकरी बंधूंनी मेलेल्या जनावराचे डोके स्वतः फोडू नये, लाळेस हात लावू नये. पशुवैद्यकास त्याच दिवशी कळवावे.